दिठीत मावते, चौकटीत मावत नाही

पूर्वी यात्रेस गेलेला मनुष्य परत येताना गंगेचा गडू, पुडीत बांधलेला अंगारा आणि पुष्कळशा गोष्टी घेऊन येत असे. आता तो छायाचित्रे घेऊन येतो. परंतु ही छायाचित्रे पाहू लागले म्हणजे एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. त्यांत मनुष्य पुढे असतो आणि स्थळ मागे, नाटकातील पडद्याप्रमाणे, टांगलेले असते. किल्ल्याचा एक बुरूज, देवळाचा अर्धा कळस, नदीची चार बोटे रुंदीची पट्टी, एवढाच त्या स्थळाचा वाटा. आपण तेथे गेलो होतो याचा पुरावा मिळतो; पण ते स्थळ कसे होते, हे त्यातून कळत नाही.

याचे एक कारण आपली हौस, आणि दुसरे कारण यंत्राची मर्यादा. आपले दोन्ही डोळे मिळून डावी-उजवीकडचा जवळजवळ दोनशे अंशांचा पसारा टिपतात. मोबाइलच्या नेहमीच्या भिंगास साधारण सत्तर अंशच दिसतात. म्हणजे जे दिठीत सहज मावते, ते चौकटीत मावत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी जे सलग, रुंद चित्र घेतात त्यास पॅनोरामा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘सर्व काही दिसणे’ असा आहे.

हा शब्द कॅमेऱ्याहून जुना आहे, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली आपल्या कल्पनेचे पेटंट घेतले. वर्तुळाकार इमारतीच्या आतील भिंतीवर सभोवार देखावा रंगवायचा आणि प्रेक्षकांनी मध्यभागी उभे राहून तो पाहायचा, अशी ती कल्पना होती. पुढे छायाचित्रणाची कला आली, तेव्हा पॅरिसमध्ये फॉन मार्टेन्सने १८४५ च्या सुमारास भिंग फिरविणारा कॅमेरा तयार केला. त्यात सुमारे १५० अंशांचा देखावा एकाच पत्र्यावर उतरे. आपल्या देशात फेलिचे बेआतो याने १८५८ साली लखनौ आणि दिल्ली येथे अनेक काचा एकापुढे एक लावून शहरांचे विस्तृत देखावे टिपले. त्या काळी काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लागलीच अंधाऱ्या तंबूत नेऊन ते धुवावे लागे. एका देखाव्यासाठी हा खटाटोप सहा-सात वेळा करणाऱ्या माणसाच्या चिकाटीची आज आपणांस कल्पनाही येणार नाही.

आमच्या माळव्यालाही या कलेची परंपरा आहे. लाला दीनदयाळ रुडकी येथे शिक्षण घेऊन १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर आले. कॅमेऱ्याचा नाद त्यांना येथेच लागला आणि महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांचे उत्तेजन त्यांना लाभले. मध्य भारतातील वास्तूंच्या त्यांच्या छायाचित्रांचा ग्रंथ १८८६ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. ज्या गावाने असा मनुष्य घडविला, त्या गावाच्या मुलांनी प्रवासास निघताना थोडे तरी डोळसपणे कॅमेरा हाती घ्यावा, असे आम्हांस वाटले. म्हणून शाळेची सहल मांडू आणि महेश्वर येथे जावयाची ठरली, तेव्हा आम्ही सहा जणांनी सलग चित्रे घेण्याचे काम अंगावर घेतले.

मांडूचा जहाजमहाल मुंज तलाव आणि कपूर तलाव या दोन जलाशयांच्या मध्ये सुमारे १२० मीटर लांब पसरला आहे. तो सबंध चौकटीत यावा म्हणून मागे सरावे, तर जागा पुरत नाही. जवळून सलग चित्र घेतले, तर त्याची सरळ भिंत धनुष्यासारखी वाकलेली दिसते. कारण मधला भाग आपल्यास जवळ असतो आणि दोन्ही टोके दूर. आमच्या चित्रात तर महालास खरोखरीच जहाजाच्या पोटासारखा बाक आला. आमच्यातील एक जण म्हणाला, “नाव सार्थ झाले!” परंतु भूगोलाच्या गुरुजींनी हसून विचारले, “अरे, उद्या कोणी हे चित्र पाहून महाल वाकडा बांधला आहे असे समजला, तर?” चित्र सुंदर असणे निराळे आणि खरे असणे निराळे, ही गोष्ट तेथेच आमच्या मनात घर करून राहिली.

सलग चित्राचे मुख्य नियम थोडके आहेत. मोबाइल उभा धरावा, म्हणजे वरखाली पुरेसे आकाश व जमीन मिळते. प्रत्येक चित्राचा निदान तिसरा हिस्सा पुढच्या चित्रात पुन्हा यावा, म्हणजे जोडणी नीट बसते. पहिल्या चित्रास जो प्रकाश ठरविला, तोच अखेरपर्यंत कायम ठेवावा. नाहीतर आकाशाला ठिगळे लावल्यासारखी दिसतात. क्षितिजाची रेघ पाणसळीत ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हात लांब करून यंत्र फिरवू नये. यंत्र एका जागी ठेवून आपण त्याच्याभोवती फिरावे. याचे कारण समजावयाचे असल्यास, वाचकांनी नाकासमोर एक बोट धरावे आणि डावा व उजवा डोळा आळीपाळीने मिटून पाहावा. बोट जागचे न हलताही मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारते. यंत्राची जागा सरकली की जवळचा खांब असाच उड्या मारतो, आणि मग एका खांबाचे दोन खांब होतात.

हलत्या वस्तूंची गंमत तर विचारूच नये. यंत्र ज्या दिशेने फिरत असेल त्याच दिशेने चालणारी बैलगाडी चित्रात आगगाडीएवढी लांब होते. उलट दिशेने येणारी आखडून चतकोर राहते. कुत्र्याला सहा पाय फुटतात. अमेरिकेत १९०४ साली पेटंट झालेल्या सर्किट नावाच्या फिरत्या कॅमेऱ्याने शाळांची लांबच लांब सामुदायिक छायाचित्रे घेत, तेव्हा एखादा खोडकर विद्यार्थी डाव्या टोकाला उभा राहून नंतर पाठीमागून धावत उजव्या टोकाला जाई आणि एकाच चित्रात दोनदा विराजमान होई, असे सांगतात. आमच्या वर्गात असे करण्यास उत्सुक असणाऱ्यांची नावे येथे देत नाही.

रूपमतीच्या मंडपावर आम्ही दुपारी पोहोचलो. माळव्याचे पठार तेथे एकाएकी तुटते आणि खाली निमाडचा सपाट प्रदेश पसरलेला दिसतो. हवा स्वच्छ असली म्हणजे दूरवर नर्मदेची रुपेरी रेघ दिसते. त्या दिवशी धुरकट होते. चित्रात केवळ करडे आकाश आणि करडी जमीन एकमेकांत मिसळलेली आली. नदी ज्या दिशेस असावी त्या दिशेकडे आमच्यातील एक मुलगी बराच वेळ पाहत उभी होती.

तिचे आजोळ त्या नदीच्या काठी होते. ‘होते’ असेच म्हणावे लागते. कारण २०१९ च्या पावसाळ्यात ते गाव धरणाच्या फुगवट्याखाली गेले. नर्मदेच्या खोऱ्यात हे काही एकच उदाहरण नव्हे. त्याआधी २००४ साली हरसूदसारखे भरल्या बाजाराचे गाव याच रीतीने उठून गेले होते. आमच्या मैत्रिणीच्या घरी आजोळची छायाचित्रे पेटीभर आहेत. लग्ने आहेत, मुंजी आहेत, हळदीकुंकू आहे. पण प्रत्येक चित्रात माणसे पुढे आणि गाव मागे. कोठे ओट्याचा कोपरा, कोठे निंबाची एक फांदी, कोठे अर्धे दार. आजी आणि मावशी यांचा वाद अजून मिटलेला नाही: आपल्या दारातून बाहेर पडले की आधी पिंपळाचा पार लागे की मारुतीचे देऊळ? पेटीतील एकही चित्र या वादाचा निकाल देऊ शकत नाही. सबंध आळी एकदाही कोणी टिपली नाही. ती तेथे नेहमीच राहणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते.

दुसऱ्या दिवशी महेश्वरास आम्ही नावेने पैलतीरी गेलो. तेथे नावडातोली येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने आणि बडोद्याच्या विद्यापीठाने १९५० नंतरच्या दशकात उत्खनन केले. तेव्हा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. त्या टेकाडावरून समोर पाहिले म्हणजे अहिल्याबाईंचे महेश्वर एका ओळीत उभे राहते. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, त्यांवरील छत्र्या, किल्ल्याची उंच भिंत आणि अहिल्येश्वराचे शिखर. आणि इकडे प्रवाहाच्या मध्यभागी बाणेश्वराचे इवलेसे देऊळ. घाट दक्षिणाभिमुख असल्याने हिवाळ्यातील सूर्य आमच्या पाठीशी होता आणि समोरचा दगडन् दगड उजळला होता.

आम्ही नेहमीप्रमाणे केस सारखे करून ओळीत उभे राहू लागलो. तेव्हा ती म्हणाली, “कोणी पुढे उभे राहू नका गं. आधी नुसता घाट घ्या. सगळा घ्या. या टोकाची झोपडीसुद्धा सोडू नका.” तिच्या आवाजात असे काही होते की आम्ही सारे निमूटपणे बाजूस झालो.

डावीकडून उजवीकडे नऊ चित्रे घेतली. रात्री धर्मशाळेत ती जोडून पाहिली, तेव्हा घाटावर कपडे धुणारी एक बाई दोन ठिकाणी दिसू लागली. पहिल्या चित्रानंतर ती उठून पुढच्या पायरीवर गेली होती. एक जण म्हणाला, “पुसून टाकू. यंत्राला सांगितले की क्षणात नाहीशी होईल.” ती म्हणाली, “पुसायची नाही. ती तिथे होती.” त्यावर तो उत्तरला, “होती. पण दोनदा नव्हती!” दोघांचेही म्हणणे खरे होते. बराच खल झाला. अखेर असे ठरले की, जोडणीच्या ठिकाणी दोहोंपैकी एकच चित्र वापरावे, म्हणजे बाई राहील आणि एकदाच राहील. पण काही पुसू नये आणि नवे काही घालू नये. शिवाय मूळची नऊ चित्रे जशीच्या तशी जपून ठेवावी. आज यंत्र मागेल ते चित्रात घालून देते आणि नको ते काढून टाकते. अशा दिवसांत मूळ प्रत जपणे हाच चित्राच्या खरेपणाचा आधार होय.

परत आल्यावर ते चित्र मोठे छापून आम्ही मैत्रिणीच्या आजींस दाखविले. त्यांनी शिखराकडे आणि किल्ल्याकडे फारसे पाहिले नाही. चष्मा वर सारून त्या उजव्या टोकाच्या दोन भिंतींमधील अंधाऱ्या फटीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही वाट वर कुठे जाते गं?” आमच्यापैकी कोणाचेही त्या वाटेकडे लक्ष गेले नव्हते. ती चित्रात होती, एवढेच. सलग चित्राचे मोल आम्हांस त्या क्षणी जेवढे कळले, तेवढे मांडूतही कळले नव्हते. टिपणारा ज्यास क्षुल्लक समजतो, तेच उद्या कोणाला तरी शोधावयाचे असते.

प्रसिद्ध वास्तूंची चित्रे पुष्कळ आहेत आणि पुढेही निघतील. पण आपल्या दारासमोरची आळी, पाणवठा, आठवड्याचा बाजार, शाळेचे पटांगण यांचे सलग चित्र किती घरांत असेल? गावे केवळ धरणानेच जातात असे नाही. रस्ता रुंद होतो, वाडा विकला जातो, झाड पडते, आणि दहा वर्षांनी कोणास काही सांगता येत नाही. म्हणून आमची वाचकांस विनंती आहे की, प्रवासात जे शिकाल ते घरी येऊन वापरा. एकदा तरी कोणासही पुढे उभे न करता आपली आळी या टोकापासून त्या टोकापर्यंत टिपा. चित्र कागदावर छापा आणि पाठीमागे दिनांक, उभे राहिल्याची जागा, तोंड कोणत्या दिशेस होते ते आणि डावीकडून एकेक घराचे नाव लिहा. मग हौसेने त्याच जागी घरच्या सर्वांना उभे करून दुसरे चित्र अवश्य घ्या.

आमच्या शाळेसमोरील रस्त्याचे असे एक चित्र आम्ही या वर्षी ग्रंथालयात ठेवले आहे. त्यात फाटक आहे, चिंच आहे, वहीपेन्सिलीचे दुकान आहे आणि डाव्या टोकास एक सायकल अर्धीच आली आहे. ती कोणाची, हे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.