शंभराच्या नोटा आणि लुंबिनी



जग पाहावे ते पैसेवाल्यांनी, असे आमच्या वस्तीत सगळेच म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. त्यातूनच ते घरी पैसे धाडीत आणि पुस्तकेही घेत. जयंतीच्या भाषणात हे आम्ही किती वेळा सांगितले असेल! पण भाषणात सांगणे वेगळे आणि कारकुनाच्या पगारातून तीन तिकिटे काढणे वेगळे.

आम्ही केज तालुक्यातले. आईने बावीस हंगाम ऊस तोडला. कोल्हापूर, सांगली, पलीकडे कर्नाटक. तिचा प्रवास आमच्यापेक्षा कितीतरी जास्त झालेला आहे, पण तिकीट तिने कधी काढले नाही. मुकादमाच्या ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळी आणि आम्ही. कोल्हापूर कसे आहे विचारले तर ती म्हणे, "फड सारखाच असतो की सगळीकडं."

ती सहासष्ट वर्षांची झाली आणि गुडघे बोलू लागले. एके दिवशी विहारातून आल्यावर तिने विचारले, "जिथं बुद्ध जन्मले ते गाव लई लांब आहे का रे?" आम्ही म्हणालो, "परदेशात आहे." विषय तिथेच संपला असता. पण रात्री आमच्या पत्नीने वही पुढे टाकली. "तुम्ही बी.कॉम. ना? मांडा हिशेब. चालता येतंय तोवर नेऊ. गुडघे बसल्यावर नेऊन काय करणार?"

साल दुष्काळाचे होते, २०१८-१९. टँकरच्या पाण्यावर गाव. "पाण्याला पैसे नाहीत आणि हे निघाले नेपाळला," असे भावकीत बोलले गेले, आणि त्यांचे काही चुकत होते असे नाही. लेकीच्या शिकवणीचे पैसे वेगळे काढून ठेवले. तिला बहिणीकडे ठेवले. मग उरले त्यात बसवायचे ठरले.

चौकशी केली तेव्हा कळले की नेपाळला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. शंभर रुपयांचे तिथले एकशेसाठ होतात. मात्र डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने आपल्या शंभरच्या वरच्या नोटांवर बंदी घातली होती. आम्ही किराणा दुकान, पानटपरी, भाजीवाली असे हिंडून शंभराच्या नोटा जमवल्या. आईने त्यांची पिशवी शिवून कमरेला बांधली. झोपेतही तिचा हात तिथेच असे.

तेव्हा रेल्वेत आईला निम्मे तिकीट होते (मार्च २०२० पासून ही सवलत बंद आहे), एस.टी.तही निम्मे. मनमाडला काशी एक्स्प्रेस धरली. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. वाराणसीला उतरून सारनाथ केले, मग गोरखपूर, तिथून सरकारी बसने सोनौली. सीमा म्हणजे एक कमान. आई कमानीखाली थांबून म्हणाली, "झालं? हाच परदेश?" आम्ही घड्याळ पंधरा मिनिटे पुढे केले. तेवढाच फरक.

भैरहवाहून लुंबिनीला पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. तिथे एक कालवा आहे. त्याच्या एका अंगाला थेरवादी देशांची विहारे, दुसऱ्या अंगाला महायानी. जपानच्या केन्झो टांगे या वास्तुविशारदाने १९७८ मध्ये केलेली ही आखणी. म्यानमार, थायलंड, श्रीलंका, चीन, जर्मनीसुद्धा! जग पाहायला पैसे लागतात म्हणणाऱ्या आम्ही एका दिवसात इतके देश पायी हिंडलो. मुक्काम कोरियाच्या विहारात. राहणे-जेवण अगदी थोडक्या पैशात, ताट आपले आपण धुवायचे. भाताबरोबर आंबवलेला तिखट कोबी आला. आईने चाखून पाहिला आणि पुडीतला ठेचा काढून शेजारच्या परदेशी मुलीच्या ताटात ठेवला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. आईने तिला पाणी दिले आणि दोघी हसत बसल्या. भाषेचा प्रश्न फक्त आम्हालाच पडला होता.

सकाळी मायादेवी मंदिरात गेलो. जन्मस्थानाचा दगड काचेखाली आहे, रांगेतून क्षणभर दिसतो. आई काही बोलली नाही. बाहेर अशोकस्तंभापाशी मात्र तिने विचारले, यावर काय लिहिलेय. आम्ही वाचून गेलो होतो. सांगितले, की राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी सम्राट स्वतः इथे आला, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून त्याने या गावाचा बली नावाचा कर माफ केला, आणि उत्पन्नाचा फक्त आठवा हिस्सा ठेवला.

आई बराच वेळ खांबाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे उचल माफ केली म्हण की."

आम्हाला काही बोलता आले नाही. आमच्या दहावीच्या वर्षी वडील आजारी पडले, हंगाम अर्धा राहिला आणि उचल फिटली नाही. मुकादमाने ती पुढच्या हंगामावर चढवली, मग त्याच्या पुढच्या. ती फेडायला आई एकटी, दुसऱ्या कुणाबरोबर कोयता जोडून, तीन वर्षे गेली. आम्ही गावात राहून शिकलो. हिशेबाची वही आमच्या हातात आली ती त्या तीन वर्षांतून. हे आम्ही कुठल्याच भाषणात सांगितले नव्हते. आईने खांबाभोवतीच्या कठड्याला हात लावला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चल, ऊन लागतंय."

येताना कुशीनगर केले. बाराव्या दिवशी घरी. वहीत एकूण खर्च तिघांचा नऊ हजार आठशे चाळीस. भावकीतल्या चौघांनी ती वही नंतर मागून नेली. एक जोडपे जाऊनही आले.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली, अहिल्यानगरपर्यंत. आईने पेपरातला फोटो पाहिला. आता तिला काठी लागते. कमरेची ती पिशवी ट्रंकेत आहे, त्यात नेपाळच्या तीन नोटा अजून आहेत. परवा ती म्हणाली, "कालव्यापलीकडं ते श्रीलंकेचं विहार होतं ना, त्यांचा खरा देश कुठशी येतो?" आम्ही सांगितले, मध्ये समुद्र आहे, आणि तिथे पासपोर्ट लागतो.

"मग काढायला टाक," ती म्हणाली. "फोटोला कुठं बसायचं?"