रिकार्डोचा तक्ता आणि रानड्यांची तक्रार

अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा तक्ता फळ्यावर मांडताना मला अजूनही मजा येते. 1817 सालचं उदाहरण. ठराविक कापडासाठी इंग्लंडला 100 माणसांची वर्षभराची मेहनत लागते, वाइनसाठी 120. पोर्तुगालला 90 आणि 80. दोन्हींत पोर्तुगाल सरस, तरी त्याने वाइनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, त्यात दोघांचाही फायदा. हिशेब चोख आहे. त्यात मला कधी खोट सापडलेली नाही.

पण हा हिशेब एका वर्षाचा. त्याआधी काय झालं आणि पुढे काय होईल, हे तो विचारत नाही. 1703 च्या मेथ्युएन करारानं पोर्तुगालनं इंग्लंडच्या लोकरी कापडाला दार उघडलं होतं. बदल्यात त्याच्या वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात. खरेदी-विक्रीतली तूट ब्राझीलच्या सोन्यानं भरून निघे. निसर्गाची देणगी वाटणारी ती श्रमविभागणी निदान थोडी तरी तहात ठरली होती. (रिकार्डोचे पूर्वज पोर्तुगालमधलेच ज्यू, हा योगायोग.) चांगली वाइन करणं सोपं नाही, हे मान्य. पण कापडामागून इंग्लंडात यंत्रं आली, यंत्रांसाठी लोखंड, लोखंडासाठी कोळसा. द्राक्षमळ्यामागून असं काही आलं नाही.

न्यायमूर्ती रानडे 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेमकं यावरच बोलले. इंग्लंडात शिकवलं जाणारं अर्थशास्त्र सगळ्या देशांना, सगळ्या काळी सारखंच लागू पडतं, हे त्यांना अमान्य होतं. जर्मनीच्या फ्रेडरिक लिस्टचा युक्तिवाद त्यांना जवळचा वाटे. कच्चा माल बाहेर, पक्का माल आत, अशानं व्यापार फुगेल पण देशाच्या हाताला कसब येणार नाही, ही त्यांची तक्रार. सरकारनं ती ऐकली नाहीच. उलट 1896 मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर विलायती कापडाच्या जकातीइतकाच, साडेतीन टक्के कर बसवला.

स्वातंत्र्यानंतर आपण उद्योगांना संरक्षण भरपूर दिलं. हाताला कसब आलंय हे बाहेर माल खपवून दाखवा, ही अट मात्र घातली नाही. रानड्यांचं अर्धंच ऐकलं, असं माझं मत. दक्षिण कोरियानं ती अट घातली. 1960 च्या दशकात विग आणि प्लायवूड विकणारा तो देश पुढच्या दशकात जहाजं बांधू लागला. रिकार्डोच्या एका वर्षाच्या तक्त्याप्रमाणे त्यानं विगच विकत राहायला हवे होते.