फुलीचं घर

माहीमला कापड बाजाराच्या मागच्या चाळीत आम्ही राहायला आलो, त्याच आठवड्यात समोरच्या बंद दारावर खडूची फुली दिसली. मला वाटलं, पोरांचा खेळ. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमाराला आरोग्य सेविका ताई जिना चढून आल्या, खांद्याला डोसाची पेटी, आणि थेट त्याच दाराशी गेल्या. घरातल्या सगळ्या लहान मुलांना पोलिओचा डोस मिळाला की दारावर ‘पी’ लिहायचा. एखादं राहिलं किंवा कुलूप असलं की फुली. फुलीच्या घरी परत जायचं. समोरचं जोडपं बिगारीचं. सकाळी नाक्यावर जायचं ते पोराला कडेवर घेऊनच. दिवसा दहा वेळा गेलं तरी कुलूपच. ताईंनी पोराच्या तोंडात दोन थेंब टाकले, डाव्या करंगळीला शाई लावली आणि पदरानं फुली पुसली.

मला आमची नानी आठवली.

नानी म्हणजे थोरली चुलती. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, जामखेडच्या बाजूचं. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात टिकेनात, म्हणून त्यांनी गावांनाच सांगितलं की तुमच्यातली एक बाई निवडा, शिकवायचं आम्ही बघतो. लिहिता-वाचता येण्याची अट नव्हती. नानीचा तर अंगठाच. ती जामखेडला शिकायला जायची, तिथं सगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या, आणि घरी आली की चुलीपुढं बसून आम्हाला सगळं पाठ म्हणून दाखवायची. हगवण लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी द्यायचं, पण आधी स्वतः चाखायचं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून टाकायचं. हे माप कुठल्याही घरात सापडतं.

आमची वस्ती गावकुसाबाहेरची. वाड्यातल्या सुनेचं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा नाइलाजानं नानीला बोलावलं. हात धुवायला पाणी वरून ओतलं. मूल सुखरूप झालं, नानी निघाली, आणि तिच्या पाठीमागं उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलं. तिनं ते पाहिलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी बाळंतिणीला बघायला गेलीच. तिसऱ्या बाळंतपणापर्यंत शिंपडणं बंद झालं होतं. चहा मात्र वेगळ्या कपातच यायचा. ‘नानीनं गाव बदललं’ असं कुणी भाषणात म्हणालं की मला तो कप दिसतो.

दिवस मावळताना ती गावाला एक फेरी मारायची. “कुनाच्या चुलीचा धूर न्हाई, त्ये बघायचं,” म्हणायची. “जिथं न्हाई, तिथं आदी जायाचं. बाकीची येत्यातच आपल्या पायानं.”

माहीमच्या ताई धुराऐवजी चपला बघायच्या. आमच्या वरच्या पोटमाळ्यावर जरीकामाचा कारखाना होता. मालक म्हणाला, चारच कारागीर. ताईंनी दाराबाहेरचे जोड मोजले, सात निघाले. त्यातला एक जोड पंधरा दिवस हललेला नव्हता. आत भिंतीकडं तोंड करून एक बिहारी पोरगा पडलेला, खोकून बेजार. थुंकी तपासल्यावर टीबी निघाला.

ही गोष्ट 2009 ची. तेव्हा टीबीच्या गोळ्या एक दिवसाआड, केंद्रावर जाऊन कुणाच्या तरी देखत घ्याव्या लागत. गोळ्या फुकट, डबा त्याच्या नावाचा वेगळा ठेवलेला. पण केंद्र दिवसा उघडं आणि पोरगा दिवसभर कामावरून उठला की मजुरी कापली जायची. जवळ ना रेशनकार्ड ना कुणी नातेवाईक. कागदावर त्याला आणि टॉवरमधल्या माणसाला एकच औषध होतं. दोघांमध्ये आडवं येत होतं ते घड्याळ. ताईंनी केंद्रावर बोलून डोस स्वतःकडं घेतला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रात्री नऊला, जेवायच्या सुट्टीत. एवढंच. पण हे एवढं कुठल्या योजनेच्या कागदात मावत नाही.

त्यांचं स्वतःचं काय? कागदावर काम काही तासांचं आणि ‘स्वयंसेवे’चं. म्हणून हातात पगार नाही, मानधन. त्यासाठी त्यांना आझाद मैदानात जाऊन बसावं लागायचं, आणि त्या दिवशीही संध्याकाळची घरं चुकवायची नाहीत. पुढं 2020 च्या एप्रिलमध्ये रुळापलीकडं धारावीत पहिला करोना रुग्ण सापडला, तेव्हा तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेल्या त्या याच बाया. खोल्यांतली माणसं दार उघडायची. काही इमारतींनी मात्र फाटकावरूनच परत पाठवलं. फुली बहुधा गरिबाच्या दारावर असते असा माझा समज होता, तो तेव्हा गेला.

पोरग्याचे डोस चालू होते त्याच हिवाळ्यात नानी डोळा दाखवायला माहीमला आली होती. एका संध्याकाळी ताई आल्या. नानीनं त्यांना जवळ बसवून घेतलं.

“किती घरं तुझ्याकडं?”

ताईंनी आकडा सांगितला. नानीनं तोंडावर हात ठेवला. आमच्या सबंध गावात तेवढे उंबरे नव्हते.

“गावानं निवाडलं का तुला?”

“नाही हो मावशी. अर्ज केला, लागले.”

नानी जरा गप्प झाली. मग म्हणाली, “मंग तुझ्या पाठीमागं कोन ऱ्हातं, भांडायची येळ आली तर?”

ताई नुसत्या हसल्या. मी चहा टाकायला उठले. येऊन बघते तर दोघी दारात. नऊ वाजायला आले होते, पोटमाळ्यावरच्या पोरग्याच्या डोसाची वेळ. गुडघे दुखतात म्हणून दोन दिवस खाली न उतरलेली नानी कठडा धरून ताईंच्या मागं ती उभी शिडी चढत होती.

“चपला किती हायेत, मोज गं,” ती वरून मला म्हणाली.