रापणीचा वाटा

मैत्रिणींनो, आपल्या खानदेशात मासे म्हणजे तापी-गिरणेचे. त्यामुळे ‘मालवणला मासे पकडायला जाऊ’ असं आमच्याकडे ठरलं, तेव्हा पुरुषांनी गळ-दोरीची यादी केली अन् बायकांच्या वाट्याला आले डबे! तुम्ही मात्र डब्यांपाशी थांबू नका.

जायचं ते दिवाळीनंतर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, समुद्रही खवळलेला. जळगावकरांनी रेल्वेनं, धुळेकरांनी एस.टी.नं पनवेल गाठावं. तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ, पुढे एस.टी.नं मालवण. पहिल्या दिवसाला कळण्याची भाकरी अन् ठेचा पुरे.

सकाळी किनाऱ्यावर रापण लागली आहे का, ते पाहा. होडीतून अर्धगोल जाळं सोडतात अन् त्याच्या दोन्ही टोकांचे दोर माणसं वाळूवरून ओढतात. विचारून दोराला हात लावा. ओढणाऱ्याला माशांचा वाटा, ही तिथली जुनी रीत. मीही ओढला. तळहात सोलले, पण मूठभर तारल्या माझ्याही पदरात पडल्या. जन्मभर मासे साफ केले. स्वतः कमावले ते त्या दिवशी!

तेव्हा बायांनो, यादीत आधी आपलं नाव घाला.