बोल्टावरचा नंबर

वाचकहो, खतं-बियाणं आणि फवारणीवर लिहिणारा माणूस आज बंदुकीचं काय घेऊन बसलाय, असं तुम्ही म्हणाल. पण गेली काही वर्षं ही गोष्ट माझ्या मनात सलते आहे. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत आजोबांची परवान्याची रायफल असेल, तर ती तुमच्याही उपयोगाची आहे.

आमच्या नोकरीत एक धोका असतो. बांधावर उभं राहून आपण जे सहज बोलतो, ते समोरचा गाठीला बांधून घरी नेतो. भुईमुगावर काय मारायचं ते सांगताना आम्ही दहा वेळा विचार करतो. इतर गोष्टींवर मात्र चहा पिता पिता बोलून जातो.

वारणेच्या काठी, शिराळा तालुक्यात, नाना राहतात. फौजेतले. १९६५ आणि १९७१ या दोन्ही लढाया त्यांनी पाहिलेल्या. पेन्शनीत आल्यावर त्यांनी रीतसर परवाना काढून तीनशे पंधरा बोअरची रायफल घेतली. ही रायफल बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली. तिचा सांगाडा जुन्या थ्री-नॉट-थ्रीचाच, म्हणजे ली-एनफील्डचा. इंग्रजांना फौजेचं काडतूस रयतेच्या हाती पडू द्यायचं नव्हतं, म्हणून वेगळ्या बोअरचं काडतूस नागरिकांसाठी निघालं. बोअर बदलला, पण रूप तेच राहिलं. सगळा घोटाळा झाला तो या सारखेपणामुळं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नानांच्या घरात पाणी शिरलं. रायफल माळ्यावर होती, ती वाचली. पण फौजेतल्या सवयीनं बोल्ट नेहमी वेगळा, खाली ट्रंकेत ठेवलेला. ट्रंक पाच दिवस गाळात होती. पाणी उतरल्यावर थोरल्यानं बोल्ट ओढून-ताणून खोलायला घेतला, तर आतली स्प्रिंग मोडली. नानांनी तो रॉकेलच्या डब्यात टाकला आणि डबा न्हाणीच्या कोनाड्यात ठेवून दिला.

पुढच्या खरिपात थोरला पंचायत समितीत आला. भुईमूग आऱ्यांवर आलेला आणि रात्री डुकरांचा कळप वावर नांगरून जातो, अशी तक्रार. अर्ज लिहून झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, नानांच्या बंदुकीचा बोल्ट कुठं मिळंना बघा."

मी म्हणालो, "अरे, ती थ्री-नॉट-थ्रीचीच बहीण. तिचा बोल्ट हिला बसेल की."

एवढंच बोललो आणि पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेतला.

महिनाभरानं शिवारफेरीला गेलो होतो. परतायला दिवस मावळला. नाना माळ्यावर, म्हणजे वावरातल्या राखणीच्या माळ्यावर, घोंगडी पांघरून बसलेले आणि शेजारी रायफल. मला आनंदच झाला. वर चढलो, रायफल हातात घेतली. खटका लावलेला होता. नाना म्हणाले, "आज पयला बार काढायचा. पोरानं नवा बोल्ट आणलाय. जुन्या फौजी मालातला हाय म्हनं."

मी बोल्ट मागं ओढला. काडतूस बाहेर पडलं. दांड्याच्या मागच्या बाजूला कोरलेला नंबर बॅटरीच्या उजेडात पाहिला आणि मग बॉडीवरचा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता.

इथं मला थोडं मागं जायला हवं. कृषी महाविद्यालयात असताना, १९९० च्या सुमारास, मी एन.सी.सी.त होतो. कवायतीला थ्री-नॉट-थ्री असायच्या. वजनाला चार किलोच्या आतबाहेर, पण दुपारच्या उन्हात चौदा किलोची वाटायची. कोतमध्ये रायफली एकीकडं आणि बोल्ट दुसऱ्या पेटीत. वाटप करताना आम्ही पोरं हाताला येईल तो बोल्ट सरकवायचो. तो जायचाही. आमचे उस्ताद हवालदार एकेकाचा बोल्ट काढून नंबर वाचायचे. माझा चुकला म्हणून रायफल डोक्यावर धरून मैदानाला तीन फेऱ्या घालायला लावल्या. मी पुटपुटलो, "बसतो तर आहे." तेव्हा ते थांबून म्हणाले, "बैठता तो है, बेटा. बंद भी होता है. लेकिन इसका नहीं है." दस्त्याचंही त्यांनी असंच बजावून ठेवलं होतं. पुढचं लाकूड उतरवल्याशिवाय मागचा दस्ता कधी खोलायचा नाही, कारण त्याच्या लांब स्क्रूचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. फिरवलात की लाकूड चिरलं. हे सगळं मला पाठ होतं, आणि पंचायत समितीत खुर्चीवर बसल्यावर मी ते विसरलो.

मी नानांना म्हणालो, "नाना, हा बार काढू नका."

"का वो? थोरला म्हनला, सायबांनीच सांगितलंय."

नानांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. नंबर त्यांना दिसला नव्हता, आणि साहेबांनी सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी तो बोटानं चाचपूनही पाहिला नव्हता. त्या रात्री डुकरं आली. आम्ही डबे वाजवले. (हवेत बार काढला तरी बिघडत नाही, असं पुष्कळांना वाटतं. रायफलची गोळी लांब जाते आणि कुठंतरी उतरतेच. आणि डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते.)

दुसऱ्या दिवशी परवाना, रायफल, तो नवा बोल्ट आणि रॉकेलचा डबा असं सगळं घेऊन आम्ही कोल्हापूरला परवानाधारक बंदूक-कारागिराकडं गेलो. म्हातारा माणूस. त्यानं आधी दोघांनाही खडसावलं. बोल्ट हा सुटा भाग असला तरी कायद्यानं ते हत्यारच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुट्या भागांचाही समावेश आहे, आणि दुरुस्तीही परवाना असलेल्यानंच करायची. थोरल्यानं तो बोल्ट कुठल्याशा भंगारवाल्याकडून चिठ्ठी-पावतीशिवाय आणला होता.

मग त्यानं गेज काढला. वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी ऑईल इंजिनचा टॅपेट फीलर गेजनं लावला आहे, त्यांना हे लगेच कळेल. या रायफलीच्या काडतुसाला बुडाशी कड असते. ती कड नळीच्या तोंडावर टेकते आणि मागून बोल्टाचं डोकं तिला दाबून धरतं. या दोहोंमधली जागा मापात हवी. थ्री-नॉट-थ्रीसाठी फौजेचं माप ०.०६४ ते ०.०७४ इंच. म्हणजे चांगल्या आणि बाद रायफलीत फरक फक्त दहा हजारांश इंचाचा, पाव मिलिमीटर. जागा जास्त झाली की बार होताना पुंगळी मागं ताणते, बुडाशी फाटते आणि धग बोल्टाच्या वाटेनं मागं येते. मागं नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

तीनशे पंधराचा बाद-गेज त्यानं आत ठेवला. त्यावर बोल्ट बंद होता कामा नये. आमचा बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा बंद झाला.

"आणि हे बघा," त्यानं बोल्ट उलटा करून दाखवला. या जातीच्या रायफलीत बोल्टाला अडवणारे खांदे मागच्या बाजूला, दोन. कारखान्यात ते त्या त्या बॉडीला घासून बसवतात, दोन्हींवर सारखा भार येईल असे, आणि मगच दोहोंवर एक नंबर ठोकतात. दुसरीकडचा बोल्ट घातला तर एकाच खांद्यावर सगळा दणका येण्याची भीती. त्यातून आमचा बोल्ट निघाला तिसऱ्याच जातीचा. इच्छापूरनं १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरची अशीच रायफल काढली. तिच्या काडतुसाला तशी कड नसते, म्हणून पुंगळी ओढणारा आकडाही वेगळा. लांबून पाहिलं तर सगळ्या सख्ख्या बहिणी.

नाना इतका वेळ गप्प होते. त्यांनी रॉकेलचा डबा पुढं सरकवला.

कारागिरानं जुना बोल्ट बाहेर काढला, चिंधीनं पुसला, भिंग लावून खांदे पाहिले. गंजाचे खड्डे पडले होते, पण ते दांड्यावर आणि पाठीवर. खांदे आणि डोक्याचा चेहरा शाबूत होता. मोडली होती ती स्प्रिंग, आणि आतली सुई गंजून अडकली होती. "हेच बदलायचं," तो म्हणाला. "स्प्रिंग, सुई, आकडा ही झिजणारी माणसं. ती नवी घालता येतात. बोल्ट मात्र घरचाच पाहिजे." सुई काढायला त्याच्याकडं वेगळंच अवजार होतं. थोरल्यानं पक्कड लावली होती, त्याच्या खुणा सुईवर उमटलेल्या. त्या पाहून त्यानं नुसती मान हलवली.

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगतो. योग्य भाग वर्षभर न्हाणीच्या कोनाड्यात रॉकेलमध्ये पडून होता. मी त्या दिवशी तोंड न चालवता एवढंच विचारलं असतं, "जुना आहे का? घेऊन ये बघू," तर पुढचं काही घडलं नसतं. शेतकरी पंपाचा वायसर मागायला येतो, तेव्हा जुना आणलाय का, हे मी पहिल्यांदा विचारतो. इथं नाही विचारलं.

भंगारातला तो बोल्ट आम्ही ठाण्यात नेऊन जमा केला. जबाब झाले. थोरल्यानं माझं नाव घेतलं नव्हतं, नानांनी त्याला तशी ताकीदच दिली होती. माझा जबाब मी स्वतःहून दिला आणि असा बोल्ट बसेल हे बोलणं माझं होतं, असं त्यात लिहवून घेतलं. कचेरीत त्यावर थोडी कुजबुज झाली. थोरल्याला मात्र पुढं बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. त्या खेपांचं एस.टी.चं भाडं त्यानं माझ्याकडून कधी घेतलं नाही, आणि बोललाही नाही. ते मला जास्त लागलं.

भुईमूग त्या वर्षी निम्म्यावर आला. पुढच्या हंगामात आम्ही बांधाला झटक्याची तार बसवली. डुकरांवर तीच जास्त चालते, हे मला बंदुकीच्या आधीच सुचायला हवं होतं.

नव्या सुट्या भागांना चार महिने लागले. रायफल आणायला नानांबरोबर मीही गेलो. कारागिरानं पुन्हा गेज लावला, या वेळी दांडा अर्ध्यातच अडला. त्यानं रायफल नानांच्या हाती दिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. नानांनी बोल्टाच्या दांड्यामागं अंगठा फिरवला, मग बॉडीवर फिरवला, आणि एकेक आकडा सावकाश मोठ्यानं वाचला. मग रायफल माझ्यापुढं धरून म्हणाले, "सायब, आता तुमी वाचा."