दमाची पावडर

संपादकांनी बजावलंय : अमिनो ॲसिडच्या पावडरींवर लिहा, पण सोपं लिहा. प्रयत्न करतो. दिवाळी सरली की जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचे वेध लागतात आणि माझ्याकडे येणाऱ्या हौशी धावपटूंच्या पिशव्यांतून डबे निघू लागतात. बहुतेकांवर एकच नाव : बीसीएए. म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन.

मागच्या हंगामात एक बाई आल्या. बँकेत नोकरी, पहाटे उठून नेमाने सराव, तरी पेडर रोडच्या चढावर धाप लागायची. कुणीतरी सांगितलं म्हणून कलिंगडाच्या चवीची पावडर सुरू होती. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.२! दमसास ठरतो तो हृदय किती रक्त ढकलतं, ते रक्त किती ऑक्सिजन वाहून नेतं आणि स्नायू त्यातला किती वापरतात यावर. बीसीएएने यातलं काही वाढतं असा भरवशाचा पुरावा नाही. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, पण लोहाच्या स्वस्त गोळीची जाहिरात कोण करणार?

मग हे खूळ आलं कुठून? इथे थोडं तांत्रिक व्हावंच लागेल. १९८७ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या एरिक न्यूजहोम यांनी मांडलं की, दीर्घ व्यायामात स्नायूंबरोबर मेंदूही थकतो. व्यायाम लांबला की रक्तात मेदाम्लं वाढतात. ती अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो ॲसिडची जागा घेतात आणि ते मोकळं होतं. मेंदूत शिरायला ट्रिप्टोफॅन आणि बीसीएए यांना वाहक एकच. स्नायू बीसीएए जाळत असतात, म्हणून ट्रिप्टोफॅनचं फावतं. मेंदूत त्याचं सेरोटोनिन होतं आणि माणूस गळून जातो. म्हणजे बीसीएए प्यायलं की थकवा लांबला. इतकं देखणं तर्कशास्त्र आमच्या शास्त्रात क्वचितच सापडतं.

१९९१ साली स्वीडनमधल्या मॅरेथॉनच्या १९३ धावपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळे एकत्र धरले तर फरक दिसेना. वेगवान आणि संथ अशी विभागणी केल्यावर संथांमध्ये थोडा फायदा दिसला. अशी नंतरची विभागणी पाहिली की माझ्या कपाळावर आठी पडते. १९९५ मध्ये व्हॅन हॉल आणि सहकाऱ्यांनी दहा कसलेल्या सायकलपटूंना आळीपाळीने नुसतं साखरेचं पाणी, साखरपाण्यात बीसीएए आणि साखरपाण्यात चक्क ट्रिप्टोफॅन पाजलं. प्रत्येक वेळी ते साधारण तेवढाच वेळ, दोन तासांच्या आसपास, टिकले. ज्याने थकवा यायला हवा होता, तेही पिऊन! वर बीसीएएने रक्तातला अमोनिया वाढला, तो वेगळाच. माझ्या मते खटला तिथेच निकालात निघाला. काही सहकारी अजून अपील करतात.

सगळीच अमिनो ॲसिडं निकामी नाहीत. बीटा-ॲलनिन काही आठवडे घेतलं तर स्नायूंतलं कार्नोसिन वाढतं आणि एक ते चार मिनिटांच्या जोरकस कष्टांत उपयोग होतो; अंगाला मुंग्या येतात, त्याला लोक ‘पावडर लागू पडली’ म्हणतात. पण चार-पाच तासांच्या मॅरेथॉनचं गणित वेगळं. तिथे सराव, झोप, पोटात पुरेसं पिष्ट. आणि ल्युसिन हवंच असेल तर ते दुधात आहे, डाळीत आहे, अंड्यात आहे.

हे सांगितलं की समोरचा विचारतो, “पण सर, घेतल्यावर बरं वाटतं, त्याचं काय?” वाटत असेल. पावडर साखरेच्या पाण्यात कालवली असेल तर वाटेलच.

वर्गात मी न्यूजहोम आणि व्हॅन हॉल दोघेही शिकवतो. परीक्षेत मुलं पहिल्याचा सिद्धांत बाणांच्या आकृतीसह अचूक उतरवतात आणि दुसऱ्याचा प्रयोग गाळतात. आकृतीला मी गुण देतो. द्यावेच लागतात, आकृती बरोबर असते.