श्वासाची विद्या आणि न्यूझीलंड

समाजातील तरुण रेस्पिरेटरी थेरपीची पदवी घेऊन न्यूझीलंडला निघू पाहतात, तेव्हा आम्हांला प्रथम हेच सांगावेसे वाटते की, तेथे या नावाचा स्वतंत्र व्यवसाय रुजलेला नाही. अतिदक्षता विभागातील व्हेंटिलेटर डॉक्टर व परिचारिका सांभाळतात, छातीतील कफ फिजिओथेरपिस्ट मोकळा करतात आणि फुप्फुसांच्या चाचण्या रेस्पिरेटरी फिजिऑलॉजिस्ट घेतात. तेव्हा अर्जात पदवीच्या नावावर विसंबू नये. यांपैकी कोणते काम हाताखालून गेले आहे, ते लिहावे. परदेशी पदवी नव्याने तोलली जाते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना काही नवे नाही!

२०२२ साली सुरू झालेला कामाचा व्हिसा सरकारमान्य मालकाने नोकरी देऊ केली तरच मिळतो. पण नोकरीच्या मोबदल्यात मालकाने, किंवा त्याच्या वतीने कोणी, पैसे घेणे तेथील १९८३ च्या वेतन-संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. दागिने मोडून दलालाचे घर भरणाऱ्या आई-वडिलांनी हे ध्यानी घ्यावे.

राहिला शब्बाथ. प्राण वाचविण्यासाठी तो मोडण्यास धर्माची आज्ञाच आहे. नेहमीच्या चाचण्यांना ती सवलत नाही. जूनमध्ये ऑकलंडला सूर्य सव्वापाचच्या आतच मावळतो. शुक्रवारी लवकर सुटण्याची बोली मुलाखतीतच करावी.